भाऊजींच्या हाताजोगं मशीन

माझे धाकटे दीर छापखान्यात जुळारी होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचायची इतकी सवय, की आरशात भांग पाडताना चुकत कसे नाहीत, असं मी त्यांना चिडवायचे. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या लोकांनी हात टेकले, भाऊजी मात्र पिकल्या केसांनी शिकले. की-बोर्डवर बोटं अशी धावायची की छापखान्यात त्यांचं नावच पडलं, शिवणयंत्र. लग्न काही केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, "बोलणारी एक आहे की घरात. दुसरी आणून मी ऐकू कुणाचं?"

मग उजव्या हाताला कंप सुटला. मला आधी कळलं, कारण चहा कपात कमी आणि बशीत जास्त राहायला लागला.

"कप गळका आहे, वहिनी."

"कप कालच आणलाय, भाऊजी."

"मग बशीच हावरट असेल."

ते हसले. मला हसू आलं नाही.

छापखान्यात कुणाला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी धरलेलं. एका सुट्टीला मी तांदूळ निवडत होते, तेव्हा जवळ येऊन बसले आणि म्हणाले, मी एक युक्ती केली आहे. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूनं कसं वागायचं ते आत मांडून ठेवलेलं असतं म्हणे, आणि ते आपल्याला बदलता येतं. त्याला प्रॉपर्टीज म्हणतात.

"म्हणजे नव्या सुनेला सांगतात तसं? ह्यांना चहा बिनसाखरेचा, त्यांना उशिरा उठायची खोड?"

"अगदी तसंच. फक्त ही सून ऐकते."

त्यांचं बोट बटणावर रेंगाळायचं. एक 'क' काढायला जावं, तर ओळभर 'क' उमटायचे. म्हणून त्यांनी की-बोर्डला सांगून ठेवलं, बोट उचलायला उशीर झाला तरी दुसरं अक्षर काढू नकोस. थरथरून तेच बटण दोनदा दाबलं गेलं, तर एकदाच धर. माऊसला सांगितलं, सावकाश चाल. दोन टिचक्यांमध्ये मी अडखळलो तरी तो डबल क्लिकच समज. मी म्हटलं, इतकं समजून घेणारं माणूस मला या घरात एवढ्या वर्षांत भेटलं नाही.

"पण कळलं तर काय होईल? काढून टाकतील?"

"काढणार नाहीत. खुर्चीवरून उठवतील आणि कागदाचे गठ्ठे बांधायला बसवतील."

"मग बांधा की."

"वहिनी, मला जुळवण्यावाचून दुसरं काही येत नाही हो."

कंप वाढला की ते मशीनला आणखी सैल सोडायचे. जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगायचे, "आज माऊस अजून जरा मागे घेतला." मी काय ते समजायचे आणि त्यांच्या पेल्यात पाणी अर्धंच ओतायचे.

एक दिवस ताप आल्याचं सांगून ते डॉक्टरकडे गेले. नेमकं त्याच दिवशी एक पान दुरुस्त करायला प्रूफं वाचणाऱ्या बाई त्यांच्या मशीनवर बसल्या. बटणं दाबावीत तर लागोपाठचं तेच अक्षर दुसऱ्यांदा उमटेना. माऊस गोगलगायीसारखा. बाई मनानं फार चांगल्या. त्यांना वाटलं, अगबाई, दादा असल्या खटाऱ्यावर काम करतात आणि एका शब्दानं बोलत नाहीत. मशीनं बघायला येणाऱ्या माणसाला बोलावून त्यांनी सगळं होतं तसं मूळपदावर आणवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, तर बाई वाटच बघत होत्या. "बसा दादा. आता बघा कसं हरणासारखं पळतंय." मालकही येऊन उभे राहिले. "होऊन जाऊ दे, शिवणयंत्र."

भाऊजी बसले. पहिल्याच अक्षराची ओळभर रांग लागली. मशीनला पुन्हा समजावून सांगावं म्हणून त्यांनी माऊस धरला, तर बाण पडद्याच्या पार कडेला पळाला. डबल क्लिक एकदाही लागेना. मशीन हाताजोगं करायला सुद्धा आधी हातच लागतो. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, "बाई, कालपर्यंत होतं तसं करून द्या."

तेव्हा कुठे सगळ्यांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या आणि ओट्याला टेकून रडल्या. "काकू, मी भलं करायला गेले हो."

"तुमचं काय चुकलं? मशीन बिघडलेलं नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? सांगणाऱ्यानंच तोंडाला कुलूप घातलेलं."

मालकांनी उठवलं नाही. जमेल तेवढं करा म्हणाले. बाईंनी सगळं पहिल्यासारखं सैल करून दिलं. पण त्या खुर्चीची मजा गेली ती गेलीच. भाऊजी मला म्हणाले, "पूर्वी मी चुकलो की सगळे हसायचे, वहिनी. आता कुणी हसत नाही." पोळपाट धुतलेला होता, तो मी पुन्हा धुतला.

पुढे एक दिवस, माऊसचा वेग कमी करायला पडद्यावर जी पट्टी सरकवायची, ती टोकाला जाऊन टेकली. त्याहून सावकाश माऊसला जाता येत नव्हतं. भाऊजींनी आपणहून मालकांना सांगितलं, आता दुसरं माणूस बघा.

शेवटच्या दिवसाचं मला बाईंनी सांगितलं. त्या जागेवर नवी मुलगी येणार होती, म्हणून बाई म्हणाल्या, "दादा, सेटिंग मी बदलते." भाऊजी म्हणाले, "नको. मी केलंय, मीच काढतो. तिला वाटायला नको की मशीन खराब आहे." दुपारभर बसले. की-बोर्डला सांगितलेलं एकेक मागे घेतलं. मधूनच हात बगलेत दाबून थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. माऊसच्या सेटिंगला मात्र हात लावला नाही. बाईंनी कारण विचारलं.

"तो आधी केला तर बाकीचं करायला माझ्याकडे हात उरायचा नाही."

सगळं झाल्यावर त्यांनी माऊसचीही पट्टी जागेवर नेली आणि अंगठ्यानं एंटर दाबलं. बाण पडद्यावर भिरभिरायला लागला. भाऊजींनी माऊस सोडून दिला, उठले आणि खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली.