माईक तपासण्यापुरतं

पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीत आप्पा निकमांच्या कॉम्प्युटरला माऊस नव्हता. बिघडला होता म्हणून नव्हे. त्यांनी तो कधी जोडलाच नाही. काळ्या स्क्रीनवर ते टकटक करून हुकूम लिहीत: ‘लाव भूप सकाळ’. एंटर दाबलं की भूप सुरू. ‘लाव’, ‘थांब’, ‘शोध’, ‘पुढचं’ हे सगळे हुकूम त्यांनी स्वतः घडवले होते. नोकरी एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागात झालेली. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला हाताखाली तेवढंच उरलं होतं.

“माऊस म्हणजे वाण्याच्या दुकानात बोट दाखवून ‘ते द्या’ म्हणणं,” ते सांगत. “माणसानं नाव घेऊन मागावं. बोट दाखवायला मुका आहे का तो?” मी खालच्या मजल्यावर राहतो. रविवारी चहाला वर जायचो आणि या वाक्याला दरवेळी हसायचो.

संग्रह मात्र देखणा होता. रेडिओवरून, मैफलींतून, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं गाणं. प्रत्येक फाईलला राग, गायक, साल, साथीला कोण, सगळं लावलेलं. विश्वस्तानं पाहुण्यांना गाभारा दाखवावा तसं आप्पा ते दाखवत. “नाव नीट, तर वस्तू जागेवर,” हे त्यांचं दुसरं वाक्य. ज्याला नाव नाही, ते ‘इतर’ नावाच्या कप्प्यात.

“‘इतर’मध्ये काय आहे?” एकदा मी सहज विचारलं.

“काही नाही हो. माईक तपासायला हिला गायला लावायचो, ते.”

‘ही’ म्हणजे शकुंतलाकाकू. माहेर कळवणकडचं, हळदीची, लग्नाची, जात्यावरची कितीतरी गाणी त्यांना पाठ. स्वयंपाकघरातून आवाज आला, “मी बी आठेच शे.” मीही इथंच आहे, असं. चिडल्या की त्या अहिराणीत बोलत.

“मग चहा बी आठेच येऊ दे,” आप्पा म्हणाले. मी त्यालाही हसलो.

पुढे काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पाणी हवं असलं की डावं बोट तांब्याकडे जाई, पांघरूण हवं असलं की कपाटाकडे. आप्पा धावत वस्तू आणून देत आणि तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळत. माऊसचं ते वाक्य त्यांनी परत कधी उच्चारलं नाही. मीही काढलं नाही. पण ते खोलीत आम्हा दोघांनाही ऐकू येत असे.

त्याच सुमारास त्यांनी ‘इतर’ उघडलं. फाईलींची नावं ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ अशी. प्रत्येकीत आधी आप्पांचा आवाज: “हं, गा.” मग काकूंचा, मोकळा आणि चढा. आणि ओळ अर्ध्यावर असतानाच पुन्हा आप्पा: “पुरे.” माईक चालतोय, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

“तबला जुळवताना तबलजी हातोडी ठोकतो तेही मी कधी कापलं नाही,” ते मला म्हणाले. “हिच्यासाठी आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?”



या गाण्यांना नावं लावायची, असं त्यांनी ठरवलं. नावं एकट्या काकूंना माहीत, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. रोज दुपारी त्यांची खुर्ची स्क्रीनसमोर येई. ‘लाव’. “हे कुणाकडून शिकलीस गं? आईकडून? मावशीकडून?” चुकलं की काकू डाव्या पंजानं टेबलावर थाप मारीत, बरोबर आलं की डोळे मिटत. थापाच जास्त.

“एवढ्या वर्षांचा संसार, आणि हिला मावश्या किती ते मला ठाऊक नाही,” आप्पा पुटपुटले.

तरी एकेक नाव लागत गेलं. ‘हळद दळताना, मोठ्या मावशीकडून.’ गायिकेच्या जागी त्यांनी ‘शकुंतला निकम’ लिहिलं. थाप. आप्पा गोंधळले. मग खोडून माहेरचं आडनाव घातलं, ‘शकुंतला पगार’. डोळे मिटले.

शेवटी त्यांनी प्रत्येक गाण्यातून आपला “पुरे” कापून काढला. गाणी तुटकी होती ती तुटकीच राहिली. कापलेले तुकडे जोडून एक फाईल झाली. तिला नाव नाही, कप्पा नाही. “टाकवत नाही, आणि ठेवायला जागा सापडत नाही,” ते म्हणाले. ‘इतर’ आता रिकामा होता. तो त्यांनी पुसला मात्र नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा झोपेतच गेले. मी अजून रविवारी वर जातो, आता काकूंसाठी हुकूम टाइप करायला. तेराव्यानंतरच्या रविवारी ती बिननावाची फाईल समोर आली. “काकू, ही आप्पांची. कुठं ठेवू?” म्हणून मी कप्प्यांची यादी काढली.

काकूंची नजर यादीवरून खाली उतरत गेली. मग डावं बोट उचलून त्यांनी ‘इतर’वर टेकवलं. तोंडाची एक बाजू हसली.

मी फाईल तिथं ठेवली. त्यांनी टेबलावर बोट वाजवलं. लाव.

“पुरे,” आप्पा म्हणाले. “पुरे. पुरे.” कुठं घाईत, कुठं वैतागून, एकदा खोकत. ऐकवेना. ‘थांब’ टाइप करू का, म्हणून मी काकूंकडे पाहिलं.

त्यांनी डोळे मिटले होते. फाईल शेवटपर्यंत वाजली.