नळाच्या दिवशीचा पाहुणा

अकोल्यात आमच्या गल्लीत ज्या दिवशी नळ येतो, त्या दिवशी तोही येतो. पाणी तपासणारा हा माणूस काचेच्या नळीत आमचं पाणी घेतो, औषधाचे दोन थेंब टाकतो आणि सोन्याचा कस पाहावा तशी ती उजेडाकडे धरतो. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरीन आहे. "पास झालं, वहिनी," असं बायकोला सांगून तो त्याच नळाचं गिलासभर पाणी पितो. चहा मात्र कुणाकडेच घेत नाही.

परवा पाण्याला रंग चढलाच नाही. त्यानं कुंड्यांमागे लपवलेल्या, नळाचं पाणी खेचणाऱ्या माझ्या टुल्लू पंपाकडे पाहिलं.

"भाऊ, हा पंप फुटक्या पाइपातून नालीचं पाणी ओढते. किती डाव सांगू तुमाले?"

"सारी गल्लीच लावते," मी म्हणालो.

त्यानं शांतपणे गिलास भरला आणि ओठांशी नेला. "मंग पिऊ का?"

मी त्याचा हात धरला. तो गिलास खाली ठेवेना. शेवटी मी पंपाची पिन काढली.

"आता शेजारी पिऊन पाहतो," म्हणत तो आमचा भरलेला गिलास घेऊन पुढच्या दारी गेला.