सेलवाले यादवराव

यादवराव गभण्यांनी माझ्याकडून सगळ्यात आधी घेतला तो खोकला. घरभाडं नंतर.

शाळेत नोकरी लागून मी नागपूरला आलो आणि महालातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने ठरवल्या. भर दुपारी सायकलरिक्षातून ट्रंक उतरवत होतो, तर खालच्या दारावर लाल दिवा लागलेला. समोर भाजीवाला हातगाडी धरून गप्प उभा आणि दोन बाया त्याच्याशी खुणांनी भाव करताहेत. घरात कुणीतरी अत्यवस्थ असावं असं वाटून मीही मान खाली घातली. तेवढ्यात ट्रंकेवरची धूळ नाकात गेली आणि मला खोकला आला, चांगला छातीतून. दिवा विझला, दार उघडलं आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला एक किडकिडीत माणूस बाहेर आला. आता हा खोल्या नाकारणार अशी माझी खात्री झाली. तो म्हणाला, "आणखी एकदा खोका बरं मास्तर. पहिला जरा दुरून आला."

त्या पावसाळ्यात माझा खोकला एका काढ्याच्या जाहिरातीत भोंगा लावलेल्या रिक्षावर बसून इतवारी, सीताबर्डी, सक्करदरा असा सगळीकडे फिरला. टेपवर काढ्याचा पहिला घोट घेताच मी बरा होत असे. प्रत्यक्षात मी दिवाळीपर्यंत खोकत होतो, पण तो भाग कापला गेला होता. घरात येता-जाता यादवराव माझी चौकशी मात्र करत.

कापणं हाच त्यांचा धंदा होता. पुढच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून त्यांनी जे काही केलं होतं, त्याला ते स्टुडिओ म्हणत. मधोमध टेबलावर स्पूलचं जडशीळ टेपरेकॉर्डर. माणूस बोलून गेला की यादवराव टेपची पट्टी हातात धरून त्याचे श्वास, आवंढे आणि अडखळणं ब्लेडने कापून काढत आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडत. कापलेलं फेकत मात्र नसत. खोलीत एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी हे तुकडे टांगलेले असत. एक हसू, एक शिंक, देवळातली घंटा, कुण्या पुढाऱ्याचं 'बंधूंनो आणि भगिनींनो'. तो पुढारी निवडणुकीत पडला, तरी त्याचे बंधू आणि भगिनी आमच्या खाली वाळत होते.

ही सवय त्यांच्या बोलण्यातही शिरली होती. कुणी लांबण लावली की दोन बोटांची कात्री करून ते हवेत चालवत आणि म्हणत, "एवढं काढून टाकतो, मंग चांगलं वाटते." ही बोटं त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांसमोरही चालवली होती, असं वहिनी सांगत. कुणाची फार मोठी स्तुती करायची झाली तर एवढंच म्हणत, "त्याच्यात कापाले काही नाही." मला हे प्रशस्तिपत्र कधी मिळालं नाही. माझ्याशी बोलताना त्यांची बोटं नेहमी तयारीत असत.

कामं यायची ती मुख्यतः सेलची. साड्यांचा सेल, भांड्यांचा सेल, चपलांचा सेल. दर सणाला अर्धं नागपूर स्वस्त होई ते यादवरावांच्या घशातून. "भव्य सेल, फक्त तीन दिवस. आज नाही तर कधीच नाही. ही संधी पुन्हा येणार नाही." ती संधी चार महिन्यांनी पुन्हा येई, त्याच दुकानात, त्याच आवाजात, आणि लोक पुन्हा धावत. त्यात बाईचा आवाज असे तो शकुंतलावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत येत, माइकसमोर उभ्या राहून "अगंबाई, इतकं स्वस्त? चला, लवकर चला" एवढं म्हणत आणि भाजी करपायच्या आत परत जात. त्या एका वाक्यावर या शहरातल्या किती बाया घराबाहेर पडल्या असतील कोण जाणे. वहिनी स्वतः मात्र कधी कुठल्या सेलला गेल्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"मले माहीत आहे ना मास्तर," त्या म्हणाल्या, "तिथं कोण बोलून राहिलं ते."

यादवरावांना ते माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण पुढे जे घडलं त्यावरून तसंच म्हणावं लागतं.

वहिनींचं माहेर कुहीकडचं. त्यांच्या आईजवळ भुलाबाईची गाणी होती. भादव्या-आश्विनात मुली संध्याकाळी घरोघरी टिपऱ्या वाजवत म्हणतात ती, सासू-नणंदेच्या नावाने खडे फोडणारी गाणी. यातली काही त्या घराबाहेर कुठे ऐकूच येत नसत. आई गेली तेव्हा वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, ही सगळी टेपवर घेऊन ठेवा, लताच्या लग्नात तिच्यासोबत द्यायची आहेत. लता ही त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा चौथीत होती. यादवरावांनी काम त्याच आठवड्यात हाती घेतलं. लता बी.ए. झाली तरी ते हातातच होतं.

हा आळस नव्हता. आळशी माणसाने ते केव्हाच उरकलं असतं. एखाद्या जाहिरातीतून टेपचं टोक उरलं की यादवराव हाक मारत, "अवं, एक कडवं म्हणून दे." वहिनी एक कडवं म्हणत. मग ते हेडफोन लावून ऐकत बसत. पुन्हा लावत, पुन्हा ऐकत. इथे श्वास मोठा आला, इथे भांडं वाजलं, इथे शेवटचं अक्षर पडलं. कापत, जोडत, पुन्हा उसवत. जेवायला हाक मारली तर त्यांना ऐकू येत नसे, कारण कानात त्याच बाईचा आवाज चालू असे. तुकडे दोरीवर जात. "मायची गाणी आहेत, कच्ची नाही देणार," ते म्हणत. "एका हप्त्यात सारं जोडून टाकतो."

लताचं लग्न ठरलं. मुलगा भिलाईला कारखान्यात होता आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा निघाला. यादवरावांनी खरोखरच कॅलेंडरवर तो हप्ता आखला. त्याच सुमारास सीताबर्डीवरच्या एका टेपरेकॉर्डरच्या दुकानदाराने दिवाळी सेलची जाहिरात त्यांना दिली. जुनं मशीन आणा, नवं जपानी कॅसेटचं न्या, घसघशीत सूट, आणि सोबत बटण दाबताच ताल धरणारा छोटा की-बोर्ड. यादवरावांनी ही जाहिरात स्वतः लिहिली, स्वतः बोलले आणि नेहमीप्रमाणे हेडफोन लावून ऐकत बसले. पहिल्या दिवशी त्यांना ती जाहिरात वाटली असणार. दोन दिवसांनी ती बातमी वाटू लागली.

सेलच्या शेवटच्या सकाळी रिक्षा आमच्या गल्लीतून गेली. यादवराव दारात दात घासत उभे होते. त्यांच्याच आवाजाने त्यांना बजावलं, आज नाही तर कधीच नाही. त्यांनी चूळ भरली, शर्ट चढवला, भाजीवाल्याची हातगाडी मागून घेतली आणि टेपरेकॉर्डर तिच्यावर ठेवून सीताबर्डीची वाट धरली. वहिनी देवळात गेल्या होत्या. मला ते नाक्यावर भेटले. "हे काय यादवराव?" मी विचारलं. ते घाईत होते. "मी खर्च नाही करून राहिलो मास्तर," ते गाडी ढकलत म्हणाले, "वाचवून राहिलो."

दुपारी ते दोन खोकी घेऊन परतले. खोकी उघडून झाली, आतला थर्माकोल गल्लीतल्या पोरांनी पळवला, आणि वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "अन् आता लताची गाणी कायच्यावर वाजवान?"

यादवरावांनी दोरीकडे पाहिलं. सगळी गाणी तिथे पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. त्यांनी एक तुकडा काढून नव्या मशीनजवळ नेला. पट्टी रुंद होती आणि घालायला जागाच नव्हती. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं त्या पट्टीवर पोट भरलेल्या माणसाला ते माहीत असणारच. पण सूट ऐकताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि इथे तर ऐकवणारा आवाजही भरवशाचा होता.

"इतके वर्षं लोकायले बोलावलं," वहिनी म्हणाल्या, "आता घरातलंच गिऱ्हाईक सापडलं." आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. जुनं मशीन आदल्या दुपारीच सावनेरच्या कुण्या माणसाने नेलं होतं. नाव कुणी विचारलं नव्हतं. यादवराव बराच वेळ काउंटरशी उभे राहिले, तेव्हा दुकानदार समजुतीने म्हणाला, "आता काय करता काकाजी? तुम्हीच तर सांगून राहिले होते, ही संधी पुन्हा येणार नाही म्हणून." त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. तिथून आम्ही तुकडे जेवणाच्या डब्यात घालून धरमपेठेतल्या एका दुसऱ्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो. त्याचं स्पूलचं मशीन एकाच वेगाने चाले आणि तो वेग वेगळा होता. त्यावर वहिनींच्या आईची गाणी, कुही, माहेर, सगळं उंदराच्या आवाजात चिरकू लागलं. त्या माणसाला हसू आवरेना. यादवरावांनी डबा बंद केला आणि आम्ही घरी आलो.

पण हार मानतील तर ते यादवराव कसले? "नव्यानं करून टाकू," ते म्हणाले, "अन् म्युझिकसंग." त्यांनी की-बोर्डचं एक बटण दाबलं. कुठल्याशा परमुलखातल्या नाचाचा ताल सुरू झाला. वहिनींनी दोन ओळी म्हटल्या. आता भुलाबाईच्या गाण्याची चाल काही सरळ नसते. सासूचं नाव आलं की ते पळतं आणि गंमत यायच्या आधी जरा दम खातं. मशीन दम खाईना. वहिनी मध्येच थांबल्या. "याले म्हणा, थांब जरासा, नणंद येऊन राहिली," त्या म्हणाल्या. ताल तसाच चालू राहिला. वहिनी पदर खोचून पोळ्या लाटायला गेल्या आणि त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला नाही. दुकानदार "अगंबाई" मागायला येत आणि परत जात.

लग्नाला आठवडा उरला तशी दोघांची झोप उडाली. लता बिचारी म्हणे, राहू द्या ना आई, टेप नसली तर काय बिघडते. तिने असं म्हटलं की वहिनी उठून दुसऱ्या खोलीत जात.

शेवटी वहिनींनीच निकाल लावला. एका दुपारी त्यांनी गल्लीतल्या चार मुली टिपऱ्या घेऊन गच्चीवर बोलावल्या. भुलाबाई केव्हाच होऊन गेली होती, त्यामुळे मुलींना मजा वाटत होती. वहिनींनी यादवरावांना कॅसेटचं मशीन वर आणायला लावलं आणि कठड्याशी बसवलं.

"हे बटण दाबा अन् चूप बसा," त्या म्हणाल्या. "कापणं नाही, जोडणं नाही. अन् ते तालाचं डबडं खालीच राहू द्या."

"कुत्रं भुंकन," यादवराव म्हणाले.

"भुंकू द्या."

वहिनी गायला लागल्या. कुत्रं भुंकलं, शेजारी कुकरची शिट्टी झाली, खाली सायकलची घंटी वाजली. यादवरावांची दोन बोटं मांडीवर चालत होती. गाण्यामागून गाणं होत गेलं. मग वहिनींनी त्यांच्या आईचं खास गाणं घेतलं. "सासूबाईच्या खुंटीले माझं माहेर टांगलं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुढची ओळ येईना. त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा थांबल्या. मुलींच्या टिपऱ्या थोडा वेळ चालल्या आणि त्याही थांबल्या. ती ओळ खाली जेवणाच्या डब्यात होती आणि आता ती कुणालाही ऐकता येणार नव्हती. वहिनींचे डोळे भरून आले. कॅसेट फिरत होती.

तेव्हा कठड्याशी बसलेल्या यादवरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात न गायलेला तो माणूस आपल्या साड्या-भांडी विकणाऱ्या घोगऱ्या आवाजात, पण बरोबर चालीत म्हणाला, "काढाले गेली मी तं फडकं निंगलं." आणि थांबला नाही. पुढची ओळ म्हटली, त्याच्या पुढचीही म्हटली. हेडफोनमध्ये ते सगळं त्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, की वहिनी जिथे श्वास घेत तिथेच तेही श्वास घेत होते. मुली तोंडाला ओढणी लावून हसत सुटल्या. मीही हसलो. वहिनींनी डोळे पुसले आणि त्यापुढच्या ओळीला त्यांना गाठलं.

गाणं संपताच यादवरावांनी बटण बंद केलं. "एवढं पुन्हा म्हणून दे," ते ओशाळून म्हणाले. "माहा आवाज निंगून जाईन."

"राहू द्या."

"भिलाईची माणसं हसतीन."

"हसतीन तं हसतीन," वहिनी म्हणाल्या. "लताचं माहेर काय एकट्या मायचं आहे?"

कॅसेट लतासोबत गेली. यादवराव त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. रिक्षांवर आता दुसरे आवाज ओरडतात, आणि त्यांच्याही संधी पुन्हा येणार नसतात.

मागल्या भादव्यात काही कामाने भिलाईला गेलो, तेव्हा लताकडे उतरलो. संध्याकाळी तिची मुलगी मैत्रिणींना घेऊन अंगणात भुलाबाई म्हणत होती. मुली कारखान्याच्या कॉलनीतल्या, निम्म्या हिंदी बोलणाऱ्या. पोरीचा आवाज आजीसारखा गोड. ते गाणं आलं. पहिली ओळ तिने छान म्हटली. मग हनुवटी छातीला लावली, गळा जाड केला आणि घोगऱ्या पुरुषी आवाजात म्हणाली, "काढाले गेली मी तं फडकं निंगलं." बाकीच्या सगळ्याजणींनीही आवाज जाड केला. पुढच्या दोन ओळीही तशाच झाल्या, आणि मग सगळ्या पुन्हा आपापल्या आवाजांवर आल्या.

खिरापत खाताना मी तिला विचारलं, एवढाच भाग असा काहून म्हणता?

तिने माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं.

"ते तसंच असतं," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या मुली तसंच म्हणतात."