आक्कांच्या कोपराएवढा ओटा

नोव्हेंबर १९७६, रविवार

दिवाळीच्या आधीपासून एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. घरात सिमेंटची धूळ होती, हात रिकामा नव्हता... पण हे काही खरं कारण नव्हे. लिहायला बसले असते तर खरं लिहावं लागलं असतं.

तर, आमच्या स्वयंपाकघरात ओटा झाला. गॅसचा नंबर लागला तसा ह्यांनी गवंडी बोलावला. जमिनीवरची चूल निघाली, धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीला चुना लागला आणि खिडकीखाली कडप्प्याचा ओटा उभा राहिला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतला पहिलाच. शेजारणी येऊन हात फिरवून बघून गेल्या.

हा ओटा मी आणि आक्कांनी किती वर्षं मनात बांधला! आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या भाकरी थापायच्या, मी शाळेत जायच्या आधी भाजी चिरायची, आणि दूध वर येईपर्यंत आमचा ओटा बांधून व्हायचा. शेगडी कुठं, मोरी कुठं, डबे कुठं...

उंचीवर मात्र भांडण. आक्का बुटक्या, मी उंच. मी शाळेतून खडूचा तुकडा आणला (याचंही मला तेव्हा वाईट वाटलं होतं) आणि त्या काळ्या भिंतीवर दोघींच्या कोपराच्या खुणा केल्या. दोन्हींत चांगलं चार बोटांचं अंतर. खुणा पुसट झाल्या की पुन्हा करायच्या आणि पुन्हा भांडायचं.

"मास्तरीण, तुजी उंची शाळंत दाखव. हितं सैपाक मी करते."

मग गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला नाशिकला नोकरी लागली, नातू झाला, आणि आक्का आणि भावजी तिकडं गेले. चार महिन्यांसाठी म्हणून गेले होते. त्यांची नऊवारी लुगडी अजून इथल्या ट्रंकेत आहेत.

गवंडी आला तेव्हा दोन्ही खुणा भिंतीवर होत्या. "बाई, कुठली धरायची?" त्यानं विचारलं. मी खालच्या खुणेवर बोट ठेवलं.

त्यानं एकदा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तुमची न्हाय वाटत."

"हीच धरा," मी म्हणाले.

महिनाभर वाकून स्वयंपाक करते आहे. संध्याकाळी कंबर धरते, ह्यांना सांगते की शाळेत उभं राहून दुखतं. आणि रोज स्वतःला विचारते... हे मी मायेनं केलं का? की आक्कांच्या मापाचा ओटा बांधला तर त्यांना यावंच लागेल, असा हिशेब केला? माया असती तर खोटं बोलावं लागलं नसतं, असंही वाटतं.

आक्का मंगळवारी आल्या. ओटा बघायला, आणि मुलाला कडक भाकरी न्यायच्या होत्या म्हणून. आल्या त्या पाय धुऊन थेट आत. ओट्यापाशी उभ्या राहिल्या, काठवट पुढं ओढली, पीठ मळायला घेतलं. कोपर कुठं अडलं नाही, खांदा उचलावा लागला नाही. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली.

मी मागं पाटावर बसून बघत होते. वाटलं, झालं... आता राहतील.

दुसऱ्या भाकरीला आक्का थांबल्या. "इकडं ये. उभी ऱ्हा हितं."

उभी राहिले. त्यांनी माझं कोपर धरलं, ओटा बघितला, मला बघितलं.

"तू काय गुडघ्यावर उभी ऱ्हाऊन सैपाक करतीस व्हय गं?"

"गवंड्याची चूक झाली, आक्का."

"गवंडी बरा माजंच माप घेऊन चुकला की!"

आक्का पुन्हा भिंतीकडं तोंड करून थापायला लागल्या.

"मी आता ऱ्हायला यायची न्हाय गं," त्या मागं न बघता म्हणाल्या. "नातू सोडत न्हाय मला. मांडीवर घेतल्याबिगर झोपत न्हाय. आन् तुजी पाठ मोडून मला काय पुण्य लागणार हाय?"

खाली बसून स्वयंपाक करायचो तेव्हा दोघी समोरासमोर असायचो, कुणाचे डोळे कधी भरले ते कळायचं. ओट्याशी उभ्या माणसाची नुसती पाठ दिसते. इतक्या वर्षांत हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

जरा वेळानं त्यांनीच तोड काढली. "शेगडीच्या बाजूला दोन शाबादी फरश्या टाक, एकावर एक. चार बोटं व्हतील बरूबर. ओटा फोडायला नगं, काय नगं."

ट्रंकेतली लुगडी त्यांनी नेली. सगळी नाही, दोन ठेवली.

आज सकाळी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. ह्यांनी भाकऱ्यांचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. गाडी हलली तशा आक्का एकदम खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "मास्तरीण! फरशीला सिमिट लावू नगंस! मी आले की काढून ठिवायची!"

सगळं स्टँड बघायला लागलं. ह्यांनी विचारलं, कसली फरशी? मी नुसता हात हलवत राहिले.

उद्या: दोन शहाबादी फरश्या आणणे.