दाराच्या आतली बोली

फुलमतीबाई मरावी मंडल्याकडच्या गोंड गावातली. लग्न होऊन जबलपूरला आली आणि उभा जन्म तिथल्या सदर भागात लोकांची भांडी घासण्यात गेला. गोंडी बोलायला घरात एक नवराच होता. मुलगा आनंद शाळेबरोबर हिंदीत वाढला.

निवृत्त शिक्षिका शरयूताईंनी वस्तीत गोंडी बालवाडी काढली, तेव्हा पोरांशी गोंडीत बोलायला त्यांनी फुलमतीला बोलावून घेतलं. नियम एकच: दाराच्या आत गोंडी, हिंदी बाहेर. फुलमतीची नात समृद्धीही तिथेच जायची. पोरं फुलमतीचं सगळंच उचलायची. बोळक्या तोंडाचे उच्चार आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हणंही.

"काहून गं फुलमतीबाई, पोरांना म्हातारं करून राहिली का तू?" शरयूताई हसायच्या.

माघात फुलमतीचा नवरा गेला. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की धाकट्यांनी नदीवर जाऊन गेलेल्याला हाक मारायची आणि पाण्यातून मिळेल तो मासा घरी आणायचा. त्यातून जीव घरी परततो म्हणतात.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर आनंदने हाक मारली, "बाबूजी, घर चलो."

"हिंदीत नको रे," फुलमती म्हणाली. "त्यांना मी असं कधी बोलावलं नाही." तिने समृद्धीला पुढे केलं. "तू बोलाव बेटा, आपल्या बोलीत."

पोरीने पाण्याकडे पाहिलं, मग आजीकडे.

"दादी, ये बालवाडी थोडी है!"

फुलमतीने समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. पोर रडायला लागली. आनंदने पुन्हा हिंदीतच हाक मारली आणि बोटाएवढा मासा हाती लागला. घरी तांब्यात सोडल्यावर सगळे म्हणाले, "आ गए बाबूजी." फुलमती तांब्यावर वाकून गोंडीत काहीबाही विचारत राहिली. मासा नुसता गोल फिरत होता.

बालवाडीत परतली त्या दिवशी तिने सतरंजी उचलली आणि भर गल्लीत अंथरली.

"अगं, आणि नियम?" शरयूताईंनी विचारलं.

"नियमच चुकला, दीदी. उद्या मी गेले तर मला नदीवर कोण बोलावेल?"

पोरं कुरकुरत बाहेर येऊन बसली. फुलमतीने समृद्धीला नेहमीसारखं विचारलं, काय जेवलीस. समृद्धीने गोंडीतच उत्तर दिलं. पण आधी तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं, आणि मग आजीच्या कानाशी तोंड नेलं.