बोट अडलं पाहिजे

रफूचं काम असं, की चांगलं झालं तर दिसत नाही, आणि दिसलं तर चांगलं झालेलं नाही. काकूंनी एकतीस वर्षं हेच काम केलं, एका लाँड्रीच्या खिडकीशी बसून. एक टेबल, पाठ नसलेलं स्टूल आणि कापडाखाली धरायला एक गेलेला बल्ब, एवढाच त्यांचा संसार. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच रंगाचा धागा उसवून घ्यायचा आणि भोकावर एक वर, एक खाली विणत जायचं. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारी, "कुठे होतं हो भोक?" काकूंना तीच शाबासकी.

एका सोमवारी लाँड्रीचे मालक मोजपट्टी घेऊन खिडकीशी आले.

"काकू, वाफेची इस्त्री येतेय. मोठं धूड आहे. त्याला हवा लागते, म्हणजे जागा हीच."

"आणि मला कुठे लटकवणार? हँगरला?"

"तसं नाही हो. पण हल्ली फाटलं की लोक फेकून देतात. आठवड्याला तुमची दोन कामं येतात. महिनाभर बघू, नाहीतर..." मोजपट्टी सर्रकन आत गेली आणि उरलेलं वाक्यही तिच्यामागे गेलं.

काम घरी न्यावं, तर घरच्या खिडकीसमोर भिंत. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि काळ्या कापडात काळा धागा दिव्याखाली दिसत नाही. खिडकी गेली म्हणजे सुई गेली. काकूंनी ठरवलं, खिडकी सोडायची नाही.

सून औषधाच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "आई, तुमचं काम लोकांना माहीतच नाही. ते फोटोंचं ॲप आहे ना, त्यावर टाकू."

"जे दिसत नाही ते दाखवणार कसं गं?"

"त्याच्या जोडीला मदतीची ॲप असतात."

मग तिने शिवणाचा डबा उघडावा तसा फोन उघडला. एक ॲप दोन फोटो शेजारी चिकटवणारं. एक फोटो उजळवणारं. एक ठरल्या वेळेला फोटो आपोआप टाकणारं. एक तासांची गोष्ट अर्ध्या मिनिटात पळवणारं. आणि एक माणसाला मांजराचे कान लावणारं.

"हे कशाला?"

"गंमत म्हणून."

काकूंनी मालकांचा फोटो शोधायला लावला, त्याला कान बसवले, आणि पुष्कळ वेळ बघून म्हणाल्या, "शोभतात मेल्याला. ठेव जपून."

पहिल्यांदा एका कोटाचे दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. सकाळी बघतात तर खाली लोकांची नुसती थट्टा. "फरक शोधा, बक्षीस मिळवा." काकूंनी चष्मा लावला. सुनेने दोन्ही फोटो उजळवले होते, आणि त्या उजळवणाऱ्या ॲपने भोकालाही डाग समजून पुसून टाकलं होतं.

सून ओशाळली. "आई, माझीच चूक."

"असू दे. मला तीन तास लागतात, ह्याने चुटकीत केलं. पण म्हणावं, आता हा कोट घालून थंडीत फिरून ये."

दुसऱ्या वेळी फोटो न उजळवता टाकले. तरी एकाने लिहिलंच, "हेही ॲपनेच पुसलंय." एकदा पत गेली की खऱ्यालाही पुरावा लागतो. महिन्यातले बारा दिवस गेले होते.

काकू दोन दिवस नुसत्या शिवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक बाई शाल घेऊन आली आणि भोकात बोट घालून म्हणाली, "एवढं फाटलंय बघा." काकूंची सुई थांबली. सगळी गिऱ्हाइकं हेच करतात. आधी बोट घालतात.

त्यांनी लाँड्रीतला एक तारेचा हँगर वाकवला आणि आपला फोन व्हिडिओ चालू करून खिडकीच्या गजाला टांगला, खाली तोंड करून. शालीच्या भोकातून बोट आरपार काढून दाखवलं, आणि कामाला लागल्या. तीन तास हलायचं नाही, नाहीतर लोक म्हणतील शाल बदलली.

"काकू, चहा," मालक म्हणाले.

"हात फोटोबाहेर जाता कामा नये. पाजायचा तर तुम्हीच पाजा."

मालकांनी निमूट कप धरला. काम संपल्यावर काकूंनी तेच बोट त्याच जागी दाबलं. बोट अडलं.

पळवणाऱ्या ॲपने तीन तासांचं अर्धं मिनिट केलं. सून म्हणाली, "रात्री नऊला टाकू, सगळे तेव्हाच बघतात."

"सकाळी साडेसातला लाव. भोक माणसाला कपडे घालताना सापडतं."

त्याच दिवशी चार जण आले. मग रोज येऊ लागले, आणि येणारा प्रत्येकजण आधी बोट घालून दाखवी, नेताना दाबून बघी. काकू दर दोन दिवसांनी फोन टांगत राहिल्या.

महिना भरला आणि इस्त्रीचं धूड दारात उतरलं. मालक मोजपट्टी घेऊन खिडकीशी आले. टेबलावर सतरा पुडकी होती, आणि खिडकीबाहेर तिघं उभे. मालकांनी पट्टी उघडली, मिटली, आणि जाऊन स्वतःच्या गल्ल्यामागची जागा मोजली. खुर्ची दाराकडे सरकवली तर धूड बसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाफेने त्यांचे केस डोक्याला चिकटले होते. रुमालाने मान पुसत ते काकूंच्या टेबलाशी आले.

"काकू, त्या व्हिडिओत माझा नुसता हातच आलाय. पुढच्या वेळी तोंडही येऊ द्या की."

काकूंनी मान वर केली नाही. "येऊ दे ना. कान सुनेकडे तयार आहेत."