हेडफोन ठणठणीत होता

मंडळी, आज कॉम्प्युटरवर आईचे रेकॉर्ड झालेले जुने कॉल ऐकत होते. तिला जाऊन पाच महिने झाले. हेडफोनमधला आवाज मध्येच जात होता. वायर हलवली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, शेवटी शनिवार पेठेतल्या दुकानात गेले.

दुकानदारांनी हेडफोनवर गाणं लावून पाहिलं. "ताई, हा ठणठणीत आहे. दुसऱ्या कुणावर तरी संशय घ्या."

घरी येऊन तेच कॉल मोठ्या आवाजात ऐकले. दर वेळी आवाज जाण्याआधी खोकल्याची सुरुवात ऐकू आली. मला कळू नये म्हणून आई फोनवर हात ठेवून खोकत होती. मग म्हणायची, "अगं, तुमच्या खराडीत रेंजच नाही."

"हो गं, नाहीच," मी हसून म्हणायचे.

तुमच्या आईचा आवाज असा मध्येच गेला, तर तुम्हीही रेंजलाच दोष देता का?